आईबाबांना नुसतं चालायला पाठवू नका

घरात कोणी साठी ओलांडली की आपलं सगळ्यांचं एकच सुरू होतं, आई तू बस, बाबा तुम्ही उचलू नका, आम्ही करतो. माया असते त्यात, मान्य, पण बसून बसूनच तर पायातली ताकद जाते ना! वयानुसार स्नायू झिजतातच, वापरले नाहीत की अजून पटापट झिजतात, मग एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन, वॉकर, आणि चांगलं हिंडतंफिरतं माणूस घरात अडकतं.

सकाळचा वॉक चांगलाच आहे, तो सोडा असं कोण म्हणतंय. पण जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम सांगते, तशीच 65 च्या पुढे आठवड्यातून 3 दिवस तरी तोल आणि ताकदीचे व्यायाम करा असंही सांगते, हे मात्र कोणी बोलतच नाही.

आमच्या आईचा व्यायाम ओट्यापाशी होतो. चहा उकळेपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली, मग एका पायावर उभं राहायचं, आधी दोन्ही हात ओट्यावर होते, मग एक, आता नुसती बोटं टेकवते. नंतर हात न टेकता खुर्चीतून उठबस, खुर्ची भिंतीला लावलेली, सरकणारी प्लास्टिकची अजिबात नको. आधी गुडघे दाबत उठायची, आता पदर खोचून सरळ उभी राहते, इतकं बरं वाटतं बघून! फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू केलं होतं, तुम्हीही विचारा, चक्कर येत असेल तर नक्कीच.

आणि खाणं. दिवसभर चहा-टोस्ट, रात्री "मला काही नको गं, दोन घास कढीभात दे", यात प्रोटीन येणार कुठून? महागडे पावडरचे डबे कशाला, मुगाचं धिरडं, पिठलं, घट्ट वरण, वाटीभर दही, चालत असेल तर अंडं. (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.) तहानही या वयात कमी जाणवते, म्हणून पाण्याचा तांब्या नजरेसमोर ठेवायचा. आणि बाथरूमबाहेरचं ते सरकणारं पायपुसणं प्लीज आजच काढा.

आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात हास्यक्लब जोरात चालतो, त्यालाच जोडून खुर्चीवरचे व्यायाम घ्या म्हणून मी त्यांच्या मागे लागलेय. तुमच्याकडे कुठे घेत असतील तर कसं जमवलं ते नक्की सांगा.