डर्बीचा दिवस

अखेर कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान-ईस्ट बंगाल डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन कट्टर फुटबॉल क्लबांची मॅच, बघून आलो! घसा बसलाय, कान अजून वाजतायत. मॅच तशी रटाळच, गोल नाही, बरोबरी. खरी मजा आधी बाहेरच्या चहाच्या टपरीवर आली.

बागानचा हिरवा-मरून मफलर घातलेले एक काका १९११च्या आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेची फायनल सांगत होते. ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं, बागानच्या अकरापैकी दहा जण अनवाणी! जणू हे स्वतः टचलाइनवर उभे होते. शेजारचा ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या जर्सीतला पोरगा एवढंच म्हणाला, "१९७५. पाच-शून्य." त्या वर्षी याच शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालने बागानला तसं हरवलं होतं. काकांचा चहा तिथेच थांबला.

ईस्ट बंगालचा जन्मच मुळात रुसव्यातून झालाय. १९२०मध्ये जोडाबागान क्लबने बागानविरुद्ध शैलेश बोस यांना संघाबाहेर ठेवलं, क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी तडकून क्लब सोडून गेले आणि नवा क्लब उभा राहिला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेल्या निर्वासितांना तो आपला वाटला. म्हणून हे वैर नुसतं फुटबॉलचं नाही.

१६ ऑगस्ट १९८०चा विषय निघाला, तेव्हा मात्र दोघंही एका सुरात बोलले. ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबांच्या मॅचला १६ प्रेक्षकांचा जीव गेला होता.

बागान जिंकलं की घरात कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा मासा. मी कोकणातला, मला दोन्ही चालतं! बरोबरी झाली तर काय, असं विचारलं तर काका म्हणाले, "डाळभात. तोही घशाखाली उतरत नाही."