पेट्रोलमधलं इथेनॉल काढायला गेलो त्याची गोष्ट

बाबांची सिंगल सिलिंडर मोटरसायकल चार महिने झाकून ठेवली होती. बाहेर काढली आणि किक मारून मारून पोटरी भरून आली, पण ती काही उठेना. कार्ब्युरेटरची (जिथे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनात जातं) वाटी उघडली तर तळाशी पाणी, वर पिवळट पेट्रोल आणि कडेला पांढरी भुकटी. पेट्रोल कॉकमधलं (टाकीखालच्या तोटीतलं) रबर बोटाला चिकटून चक्क लांबलं.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल, म्हणजे एक अल्कोहोल, हवेतली ओल ओढतं हे ऐकून होतो. ओल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. कॉक ओढतो तोही तळातूनच. मेकॅनिक म्हणाला, "रबरं बदला, नळी बदला आणि गाडी चालवत राहा." मला ते फारच सोपं वाटलं. मी ठरवलं, रोगाचं मूळच काढायचं.

(तुमच्याकडे बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळत असेल तर तेच भरा. पुढचं वाचायची गरज नाही.)

आधी तपासणी. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी घेतलं, १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओतलं, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. पाण्याची रेघ १० वरून २७ च्या आसपास आली. म्हणजे ९० मिली पेट्रोलमधलं सतरा मिली इथेनॉल पाण्यात उतरलं, जवळजवळ एकोणीस टक्के. पाच मिनिटांचं काम. मला वाटलं, हेच मोठ्या कॅनमध्ये केलं की झालं!

तळाला तोटी असलेला पेट्रोलचा कॅन आणला, पाच लिटर पेट्रोलमध्ये एक लिटर पाणी घातलं आणि हलवलं. सगळं मोकळ्या हवेत, विजेच्या बटणापासून लांब. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत साचते. दहा मिनिटांत रेघ दिसली. खालचं पाणी तोटीने सोडलं, वरचं टाकीत ओतलं. गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि बंद पडली. वाटी पुन्हा उघडली. तळाशी पाण्याचे बारीक मणी पाऱ्यासारखे पळत होते.

घाई नडली. रेघ दिसते म्हणजे पाणी खाली बसलं असं नाही. वरचं पेट्रोल किंचित धुरकट होतं, आणि तो धुरकटपणा म्हणजे तरंगणारं पाणीच. दुसऱ्या खेपेला रात्रभर ठेवलं. सकाळी बघतो तर पुन्हा धुरकट! गार झाल्यावर पेट्रोल विरघळलेलं पाणी बाहेर टाकतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. तिसरी रात्र. चौथी रात्र. रोज सकाळी चहाआधी टॉर्च घेऊन कॅनसमोर उकिडवा बसायचो आणि तो पांढुरका थर एक मिलिमीटरही हलला नाही असं वाटायचं. घरच्यांनी विचारणंच सोडलं. शेवटी पेट्रोल काचेसारखं स्वच्छ झालं तेव्हा पाचाचे चार लिटर उरले होते.

आणि मग चढावर इंजिन खडखडायला लागलं. कारण साधं आहे: इथेनॉलचा ऑक्टेन (खडखड न करता जळायची ताकद) जास्त असतो, आणि पंपावरच्या पेट्रोलचा आकडा त्याला धरूनच असतो. इथेनॉल काढलं की मागे उरतं ते कमी ऑक्टेनचं. गाडीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) फार नाही म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, थोडं मागे घेऊन भागलं. जास्त कॉम्प्रेशनच्या गाडीला हा उद्योग करूच नका.

तीन टाक्यांनंतर मी हात टेकले आणि मेकॅनिकने पहिल्या दिवशी सांगितलेलं केलं. नळी आणि सील व्हायटनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) घातले. हे राहून गेलं सांगायचं: टाकीला आतून जुना लेप असेल तर आधी तो बघा. माझा सालीसारखा सुटून कॉकच्या जाळीत अडकला होता. सगळा खरवडून काढावा लागला. फायबरची टाकी असेल तर आणखी जपा, जुना रेझिन मऊ पडतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि प्लग पांढरा यायला लागतो, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा घातला. टायमिंगही परत जागेवर आणलं. आता आठवड्याभरापेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे वाटी कोरडी राहते. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर टाकीही रिकामी.

कॅनमधलं ते पाणी-इथेनॉल मात्र अजून कोपऱ्यात आहे. गटारात ओतायचं नाही, कारण त्यात पेट्रोलचा अंश आहे आणि ते पेटतं. गॅरेजवाले घेत नाहीत. कॅनवर मी मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: हे पेट्रोल नाही, पाणीही नाही.