मालबोर्क : विटांचा किल्ला आणि आंबट झुरेक

पोलंडमधल्या मालबोर्कचा किल्ला पाहायचा तर आधी नदी ओलांडून पलीकडे जावं. विस्वा नदीचा एक फाटा, नोगात, किल्ल्याला अगदी लागून वाहतो आणि त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी लाकडी पूल आहे. पलीकडच्या काठावरून तटबंदी, बुरूज आणि उतरती छपरं एका नजरेत मावतात, आणि ते सगळं लाल विटांचं! सह्याद्रीतले किल्ले बघत वाढलेल्या माणसाला किल्ला म्हटलं की कातळ आठवतो. इथे मुलूख सपाट आणि दलदलीचा, बांधकामाचा दगड दुर्मिळ. म्हणून चिकणमाती भाजून हा एवढा पसारा उभा केला. क्षेत्रफळाच्या हिशेबाने जगातला सर्वांत मोठा किल्ला म्हणून याची ओळख आहे, सुमारे २१ हेक्टर.

ग्दान्स्कहून रेल्वेने तासाभराच्या आत इथे पोचता येतं. माझी भाची तिथे शिकते, तीच बरोबर होती. तिकिटातच ऑडिओ गाईड मिळतो. तीन-साडेतीन तास हाताशी ठेवा, त्याहून कमी वेळात फक्त धावपळ होते.

ट्यूटॉनिक ऑर्डर नावाच्या जर्मन धर्मयोद्ध्यांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बांधकाम सुरू केलं. १३०९ मध्ये त्यांच्या प्रमुखाने, म्हणजे ग्रँड मास्टरने, व्हेनिस सोडून इथे मुक्काम हलवला आणि मठवजा किल्ल्याची राजधानी झाली. १४१० साली ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड-लिथुआनियाच्या फौजेने ऑर्डरचा पार धुव्वा उडवला. राजा यागिएवो पुढे इथवर आला, वेढा घातला, पण किल्ला काही पडला नाही. तो पोलंडच्या हाती आला १४५७ मध्ये आणि तोही लढून नव्हे. पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांनी तो राजा चौथा काझिमिएझ याला चक्क विकून टाकला.

वेढा का फसला, याचं निम्मं उत्तर मला वरच्या किल्ल्यातच मिळालं असं वाटतं. खाली स्वयंपाकघर, चौकात विहीर, वरच्या मजल्यांवर धान्याची कोठारं. स्वयंपाकघरातल्या चुलीवरचा धुराडा इतका रुंद आहे की त्याच्याखाली माणसं उभी राहून काम करत असणार. विहिरीवरच्या छपराच्या टोकाला पेलिकन पक्षी आहे, स्वतःच्या रक्ताने पिल्लांना जगवणारा. ख्रिस्ती लोकांत हे त्यागाचं चिन्ह. 

मधल्या किल्ल्यातलं भोजनगृह मात्र मी दोनदा फिरून पाहिलं. तीन सडपातळ ग्रॅनाईटचे खांब, आणि त्यांच्या माथ्यावरून माडाच्या झावळ्यांसारख्या फाकत गेलेल्या कमानी. बघण्यासारखी खरी गोष्ट पायाखाली आहे. फरशीत छोटी गोल भोकं आहेत. तळघरातल्या भट्टीत दगड तापवायचे, आग विझून धूर निघून गेला की भोकांवरची झाकणं उघडायची. दगडांवरून आलेली गरम हवा दालनात पसरायची. ना धूर, ना काजळी. सहाशेहून जास्त वर्षांपूर्वीची ही सोय!

पलीकडे ग्रँड मास्टरच्या महालातलं उन्हाळी दालन एकाच खांबावर तोललेलं आहे. तिथे शेकोटीच्या वर भिंतीत तोफेचा एक गोळा रुतलेला दाखवतात. यागिएवोच्या तोफचीने नेम धरला होता खांबावर, तो फसला, अशी आख्यायिका आहे. गोळा खांबाला लागला असता तर सगळं छत खाली आलं असतं.

आज दिसणारं सगळंच मूळचं नाही. १९४५ च्या लढाईत किल्ल्याचा निम्म्याच्या आसपास भाग उद्ध्वस्त झाला. चर्चच्या बाहेरची मेरीची आठ मीटर उंच मूर्ती तेव्हाच फुटली, ती २०१६ मध्ये पुन्हा उभी राहिली. भिंती नीट न्याहाळल्या तर जुनी आणि नवी वीट रंगावरून ओळखू येते. जुनं गाव मात्र परत बांधलं नाही. त्याच्या विटा वॉर्साच्या उभारणीसाठी गेल्या. त्यामुळे किल्ल्याबाहेर पडल्यावर मध्ययुगीन गल्ल्या शोधू नका, साध्या चाळवजा इमारती दिसतील. मला त्या विटांचं फार वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला.

जेवायला आम्ही जवळच्याच एका छोट्या खानावळीत गेलो. झुरेक आधी मागवा. राई म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य (rye). त्याचं पीठ पाण्यात कालवून, लसूण आणि तमालपत्र घालून काही दिवस आंबवतात, त्या आंबवलेल्या पाण्याचं हे सूप. वर पांढरं सॉसेज, उकडलेलं अंडं आणि मार्जोरमची (मरव्याची) पानं. पहिला घोट आंबट, मग मागून राईचा खमंगपणा येतो. काही ठिकाणी ते पोखरलेल्या पावात वाढतात. सूप संपेपर्यंत पावाच्या आतल्या कडा भिजतात, त्या चमच्याने खरवडून खायच्या. भाची म्हणाली, ‘‘मावशी, पाव ठेवू नकोस हं, खरी मजा त्यात आहे.’’ खरंच होतं.

मग पिएरोगी. बटाटा आणि ताज्या चीजचं सारण, पातळ पारीत भरून कडा दाबून उकडलेले, वर लोण्यात परतलेला कांदा. शाकाहारी असाल तर मागवतानाच सांगा, कारण वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पेरायची पद्धत आहे. कोबी आणि रानअळंबीचं सारणही मिळतं, मला तेच जास्त आवडलं. बटाट्याचं सारण त्या योद्ध्यांनी कधी खाल्लं नसेल. बटाटा युरोपात आला तोवर त्यांचं राज्य संपलं होतं. कोबी, राई आणि अळंबी मात्र तेव्हाचीच. आंबवून, खारवून, वाळवून ठेवलं तरच हिवाळा निघतो, हे त्या ताटात स्पष्ट दिसत होतं. बिगोसही त्याच घरातला : आंबवलेला कोबी आणि मांस तासन्‌तास शिजवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करायचं. शिळा बिगोसच चांगला, असं पोलिश लोक सांगतात.

आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे पोलंड मला कधी फार परकं वाटलं नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडेला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीने सायबेरियापर्यंत हाकललेली जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, तिथे राहिली. कोल्हापूरच्या उकाड्यात त्यांना आपल्या राईच्या पावाची, आंबट सुपाची किती आठवण आली असेल, हे इथे बसून जेवताना पहिल्यांदाच नीट कळलं.

उन्हाळ्यात गेलात तर शेवटी रानातल्या ब्लूबेरीचे पिएरोगी मागवा, वर घट्ट आंबट मलई घालून देतात. आणि सोबत पाण्याऐवजी कोंपोत घ्या, फळं शिजवून केलेलं ते गोडसर पेय आंबट जेवणानंतर फार छान लागतं.