पद्मिनीचं हेड बसलं एकदाचं!
आज दिवसभर गॅरेजमध्येच होतो, बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, फेसिंग होऊन (घासून सपाट होऊन) आलं होतं ते बसवलं. १०८९ सीसीचं साधं इंजिन, पण ब्लॉक (इंजिनचा खालचा मुख्य भाग) बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे गाडी फार तापली की हेड वाकायची भीती. मिस्त्रींनी ब्लॉकवर चिकटलेलं जुनं गॅसकेट (हेड-ब्लॉकमधलं सील) इतकं हळूहळू खरवडलं की बघत राहावं, मग स्टीलची पट्टी तिरकी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातोय का ते पाहिलं. हेडचे नट-बोल्ट आवळायचे मधून बाहेर, तेही टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना). कुर्ल्यात बनलेली गाडी, एवढ्या निगुतीने काम करणारी माणसं असताना भंगारात का द्यायची? टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून स्टार्टर मारला, रेडिएटरमध्ये एक बुडबुडा नाही, म्हणजे गॅसकेट गळत नाही!! उद्या टॅपेट परत चेक करायचेत, मग खंडाळ्याचा घाट.