सिलेंडर फेकायच्या आधी

चेनसॉ, म्हणजे फांद्या कापायची इंजिनवाली करवत, जाम झाला, उघडला, पिस्टनवर उभे ओरखडे आणि सिलेंडरच्या आत चंदेरी पट्टे दिसले की आमच्या दापोलीकडं सरळ नवीन किट, म्हणजे पिस्टन-सिलेंडरचा जोड, मागवतात. पावसाच्या आधी फांद्या उतरवायची घाई असते, धीर कुणाला? मी मात्र आधी आत नख फिरवतो. नख अडकतं, पण खड्ड्यात नाही, उंचवट्याला.

सिलेंडर ॲल्युमिनियमचाच, पण चांगल्या मशीनमध्ये आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक थर असतो. पिस्टन त्यामानानं मऊ. जाम होताना पिस्टन खरवडला जातो आणि त्याचा धातू त्या थरावर लिंपला जातो. बऱ्याच वेळा खराब दिसतं ते एवढंच.

हे लिंपण फरशी धुवायच्या ॲसिडनं निघतं. बाहेर उघड्यावर बसायचं, हातमोजे, चष्मा घालायचा. इअरबडवर थेंबभर घेऊन फक्त पट्ट्यावर लावायचं. फेस येतो, काळपट होतं, पुसायचं, परत लावायचं. पोर्टच्या, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडांना थेंबही नको, तिथं उघडं ॲल्युमिनियम असतं. फेस थांबला की काम झालं. पट्टा गेला तरी फेस येतच राहिला, तर थर उडालाय आणि ॲसिड सिलेंडरच खातंय. मग तो भंगारात. क्रोमचा थर असेल तर ॲसिडला हातच लावू नका, ते क्रोमही खातं. तिथं बारीक पॉलिश पेपर आणि कंबरदुखी. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, पेपर तिरका फिरवायचा, तेलाचा हात द्यायचा.

परवा एक बागायतदार काका घाईत होते.

"अरे, नवीन पिस्टन टाक नि दे."

"टाकतो काका, पण जुना का गेला ते बघू दे की!"

ओरखडे सगळे एक्झॉस्टच्या बाजूला, म्हणजे मशीन पातळ मिश्रणावर, पेट्रोल कमी नि हवा जास्त अशा, तापलेलं. कार्बोरेटर आणि सिलेंडरच्या मधलं रबर वाकवलं, तर घडीत बारीक चीर. तिथनं हवा ओढत होतं. हे न बघता किट टाकलं असतं तर तेही गेलंच असतं.

रबर बदललं, पिस्टन-रिंग नवीन, सिलेंडर तोच. कार्बोरेटरचा एच स्क्रू, फुल स्पीडला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा, जरा मोकळा ठेवला.

"मग उद्या फणस तोडू?"

"तोडा. पण त्या बाटलीतलं गेल्या वर्षीचं पेट्रोल आधी बाजूला काढा. ताजं घ्या, लिटरला २० मिली टू-टी ऑइल, आणि मापानं. अंदाजपंचे नको."