भाताचं कुसळ

इंडोनेशियातल्या योग्यकर्त्याला आलेला पर्यटक बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप पाहतो, मालिओबोरोच्या बाजारात बाटिक घेतो आणि पुढे बालीला जातो. मी एक अख्खी सकाळ शहरातल्या गाम्पिंगान भागासाठी राखून ठेवली होती. तिथलं जोगजा नॅशनल म्युझियम म्हणजे पूर्वीचं कला महाविद्यालय. मे १९९८मध्ये हुकूमशहा सुहार्तोंची ३२ वर्षांची सत्ता गेली आणि त्याच डिसेंबरात 'तारिंग पाडी' हा चित्रकारांचा गट उभा राहिला. ओस पडलेल्या या वर्गांतच त्यांनी बिऱ्हाड थाटलं.

तारिंग पाडी म्हणजे भाताचा सुळा, अर्थात कुसळ. कोकणात ज्यानं भात झोडलाय त्याला हे नाव फोडून सांगायला नको. अंगाला लागलं की दिवसभर खाजत राहतं. यांची चित्रंही तशीच, आणि ती लागायची मोर्च्यात, शेताच्या बांधावर, रस्त्यातल्या भिंतींवर.

पण २०२२मध्ये जर्मनीत कासेलच्या प्रदर्शनात त्यांचा लष्करशाहीविरुद्धचा भलामोठा जुना फलक लागला आणि त्यात ज्यूंची द्वेषमूलक व्यंगचित्रं निघाली. फलक उतरवावा लागला, गटानं माफी मागितली. मला हा गट आवडतो म्हणून ही गोष्ट गाळावी असं वाटत नाही. ती चित्रं चुकीचीच होती.

दुपारी बंटुलमधल्या एका छोट्या कार्यशाळेत लाकडी ठशाची छपाई पाहिली. इथे तिला 'चुकिल' म्हणतात. दाराएवढ्या फळीवर एक शेतकरीण कोरलेली, पाय सिमेंटच्या खोक्यात रुतलेले. मध्य जावातल्या केंडेंगच्या डोंगरात सिमेंट कारखाना नको म्हणून २०१६मध्ये नऊ जणी जकार्ताला राष्ट्रपती भवनासमोर अशाच पाय सिमेंटमध्ये घालून बसल्या होत्या. बाईमाणसानं घर सांभाळावं म्हणणाऱ्यांना हे चित्र अजून टोचत असणार.

फळीवर रुळानं काळी शाई फिरली, वर मांजरपाटासारखं कापड अंथरलं. छापयंत्र नाहीच! छापायचं ते पायांनी.

"चपला काढा, इबू," तिथली मुलगी म्हणाली. इबू म्हणजे आई, वयानं मोठ्या बाईला अशीच हाक मारतात. स्पीकरवर गाणं लागलं आणि आम्ही सहा-सात जणं त्या कापडावर नाचायला लागलो. तळव्यांना खालचे कंगोरे लागत होते.

मुलीनं खालचा कोपरा अलगद उचलला. चेहरा छान उठला होता. सिमेंटमधले पाय मात्र फिके. मी तिथे बिचकत पाय टाकले होते.

तिनं कापड परत बसवलं. "इथे अजून जोरात, इबू."