तुम्ही विचारलंत म्हणून: ते कॅबिनेट कोणी बनवलं?

घरी येणारा प्रत्येक जण टेबलावरची माझ्या संगणकाची लाकडी पेटी बघतो आणि आधी दोन गोष्टी विचारतो. लाकूड आहे, पेट घेतला तर? आणि बाजारात तीन-चार हजारांत कॅबिनेट मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? मग आप्पा सुतार होते हे कळतं आणि तिसरं येतं: "म्हणजे वडिलांनी करून दिलं होय!" त्यावर मी आजवर "नाही, मीच केलं" एवढंच म्हणत आलोय. ते खरं आहे. तरी दर वेळी म्हणून झाल्यावर घशात काहीतरी अडकून राहतं, म्हणून आज सगळं सांगतो.

पेट घेण्याचं आधी. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. लाकडाला ज्वाळा धरायला साधारण अडीचशेच्या वर जावं लागतं. पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा भाग, त्याच्या स्वतःच्या पत्र्याच्या डब्यातच आहे. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिला जोडतात ती मुख्य पाटी, मी लाकडावर ठोकलेला नाही, भंगारातल्या एका जुन्या कॅबिनेटचा पत्रा कापून त्यावर बसवलाय. आतली उष्णता भिंतींतून नाही, हवेबरोबर बाहेर जाते: पुढून दोन पंखे, मागून एक, तिन्ही १२० मिमीचे. लाकडाला पत्र्याची सर नाही ती दुसऱ्याच बाबतीत. संगणकातून निघणाऱ्या रेडिओ लहरी पत्रा अडवतो, लाकूड अडवत नाही. तो दोष माझ्या पेटीत आहे, आणि त्याबद्दल शेवटी बोलतो.

खटाटोप कशाला, याचं कारण एक फळी. कुडाळजवळ आमच्या घराच्या माळ्यावर फणसाची एक फळी वीसेक वर्षं पडून होती. पंधरा इंच रुंद, अख्खी, कुठे जोड नाही. ताजा फणस हळदीसारखा पिवळा असतो, मग वर्षांबरोबर तांबूस होत जातो. ती फळी पार तांबूस झाली होती. आप्पांनी ती देव्हाऱ्यासाठी राखली होती. पुढे हात थरथरायला लागले आणि देव्हारा राहूनच गेला. नोव्हेंबरात मी मागितली, त्यांनी दिली.

फळी खाली उतरवताना ते म्हणाले, "लाकूड फुगता, आवळता. तेका हलूक जागा व्हयी." मी कागदावर आकृती काढून नेली होती, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मापं घातलेली. फट राहिली तर हवा भलतीकडून शिरते, पंख्याच्या कंपनानं बाजू वाजते, असं मी समजावून सांगितलं. ते परत तेच म्हणाले. तेव्हा मी म्हणालो, "आप्पा, हे दार नाही, कॉम्प्युटर आहे." घरात आम्ही मालवणीत बोलतो. हे वाक्य मी पुण्याच्या मराठीत बोललो. ते गप्प झाले आणि फळीवरची धूळ पुसत बसले.

पुण्याला येऊन मी दोन्ही बाजू चौकटीत चारही कडांना फेविकॉल लावून घट्ट बसवल्या, वर स्क्रूही मारले. डिसेंबरात पेटी इतकी सुंदर दिसत होती की मी तिचे फोटो आप्पांना पाठवले. त्यांनी "बरा झाला" म्हटलं.

एप्रिलमध्ये एका रात्री दोनच्या सुमारास मी काम करत होतो. पुण्याचा एप्रिल, हवा कोरडी ठक्क. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मला वाटलं, खिडकीची काच. दिवा लावून बघितलं तर डावी बाजू हवेसाठी पाडलेल्या भोकापासून वरच्या कडेपर्यंत फाटली होती. रुंद जागी ३ मिमी. कोकणातल्या हवेत राहिलेलं लाकूड पुण्यात आक्रसत होतं. लांबीत ते जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. ३८० मिमी रुंदीची फळी शेकडा एक जरी आक्रसली तरी जवळजवळ ४ मिमी होतात. कडा मी जखडलेल्या होत्या, मग ती भोकाजवळ, जिथे सगळ्यात कमी लाकूड उरलं होतं, तिथून फाटली. हे सगळं मला त्याच रात्री कळलं. मी संगणक बंद केला आणि सकाळपर्यंत फटीवर बोट ठेवून बसलो.

आप्पांना मी कळवलं नाही. मे महिन्यात ते डोळे दाखवायला पुण्याला आले आणि त्यांनी ती बघितली. अंगठा एकदा फटीवरून फिरवला. "मी सांगलंलंय" म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "उरलेली फळी खंय हा?"

नऊ दिवस ते खुर्चीत बसले आणि मी काम केलं. चौकटीला आतून खाच पाडायची, फळी त्यात नुसती सरकवायची, गोंद नाही. वर-खाली जिथे फळी टेकते तिथे मधोमध एकेकच बारीक खिळा, म्हणजे ती दोन्हीकडे सारखी हलते. आमच्या घराची दारं अशीच आहेत. लहानपणापासून मी ती उघडत-मिटत आलो आणि एकदाही निरखून बघितली नव्हती. आप्पांनी हत्याराला हात एकदाच लावला: माझा रंधा घेतला, पातं दोन ठोक्यांत सरळ केलं, परत दिला.

मग बनवलं कोणी? करवत माझी, खाच मी पाडली, घट्टे माझ्या हाताला पडले. पण त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो तर काय झालं असतं ते एप्रिलमध्ये दिसलंच होतं. आणि तरीही नोव्हेंबरातल्या त्या मला मी अगदीच खोटं ठरवणार नाही. सैल बसवलेली फळी पंखे जोरात फिरले की खरंच वाजायला लागली, आणि खाचेत फेल्टच्या पट्ट्या सरकवायचं मला सुचलं, आप्पांना नाही. दाराला पंखा नसतो. "हे दार नाही" या वाक्यातून मला तेच म्हणायचं होतं, असं मी कधी कधी स्वतःला सांगतो. मग ते धूळ पुसत बसलेले आठवतात.

तडकलेली फळी मी टाकलेली नाही, पलंगाखाली आहे. नवीन बाजूंनी दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढले. एप्रिलमध्ये खाचेजवळ पॉलिश न लागलेली बारीक रेघ दिसते, जुलैत ती आत जाते. राहिला रेडिओ. संगणक चालू असला की मध्यम लहरींवरचं आकाशवाणी खरखरतं, आत जाळी लावून झाली तरी. आप्पा पुण्यात असले की संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी रेडिओ उचलून स्वयंपाकघरात नेतात. मी संगणक बंद करतो म्हणालो तरी ऐकत नाहीत.